क्षणाचे दोन पहारेकरी

उज्जयिनी ही कालगणनेची नगरी. प्राचीन ज्योतिषग्रंथांनी आपली मध्यरेषा या नगरीवरूनच कल्पिली. अठराव्या शतकात सवाई जयसिंहाने येथे वेधशाळा उभारली आणि १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला. तेथील सम्राट यंत्राच्या सावलीवरून २० सेकंदांपर्यंत सूक्ष्म वेळ वाचता येते. फिल्मच्या कॅमेऱ्याला मात्र सेकंदाचा हजारावा भागही मोजावा लागतो. ते काम शटरचे.

यांत्रिक शटर म्हणजे एक चिमुकले घड्याळच. फिल्म पुढे सरकवताना त्याची कमान ताणली जाते. कळ दाबताच एक पडदा धावतो आणि ठरलेल्या अवधीनंतर दुसरा त्याचा पाठलाग करतो. मंद वेगांत हा अवधी दंतचक्रे राखतात. इलेक्ट्रॉनिक शटरातही पडदे कमानीच्याच बळावर धावतात. परंतु दुसऱ्या पडद्याला विद्युत्‌चुंबक अडवून धरतो आणि त्याची सुटका केव्हा व्हावी, हे विद्युत्‌मंडल ठरविते. १९७७ चा निकॉन एफएम पहिल्या पंथाचा, तर १९७६ चा कॅनन एई-१ दुसऱ्या.

सिंहस्थातील पर्वस्नानाच्या पहाटे रामघाटावर उजेड अपुरा असतो. छायाचित्रकाराला सेकंदाच्या पंधराव्या भागासारखा मंद वेग निवडावा लागतो. जुने यांत्रिक शटर दगा देते ते बहुधा अशाच वेळी. वंगण सुकले, धूळ शिरली, की दंतचक्रे रेंगाळतात आणि पंधराव्या भागाचा आठवा भाग होतो. कळ नेहमीसारखीच दबते. चूक उमगते ती फिल्म धुतल्यावर! इलेक्ट्रॉनिक शटराचा वेग सहसा असा ढळत नाही. पण बॅटरी संपली की ते मुके होते. एई-१ मग एकही चित्र टिपत नाही. म्हणूनच १९८० च्या निकॉन एफ३ मध्ये सेकंदाच्या साठाव्या भागाचा एक वेग बॅटरीवाचून चालण्यासाठी राखून ठेवलेला आहे.

तेव्हा श्रेष्ठ कोण? एक हळूहळू चुकतो आणि चूक लपवितो. दुसरा अचूक चालतो आणि एकाएकी थांबतो. पहिल्याला वेळच्या वेळी कारागिराचा हात हवा, दुसऱ्याला खिशात एक जादा बॅटरी. ढगाळ दिवशी सम्राट यंत्रही मौन पाळते. त्याचा तो स्वभाव जाणूनच ज्योतिषी वेध घेत असत. कॅमेऱ्याच्या धन्यालाही आपल्या यंत्राचा स्वभाव ठाऊक हवा. कारण हुकलेली सिंहस्थाची पहाट पुन्हा उगवायला बारा वर्षे लागतात.