राबाची भाजणी आणि रक्ताचे नवे बी



आज ज्या उपचाराविषयी मी बोलणार आहे, त्याचे नुसते वर्णन ऐकले तर त्याला उपचार म्हणावयास कोणी धजणार नाही. रोग्याच्या सर्वांगावर, डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत, क्ष-किरणांचा मारा करावयाचा. आणि तोही इतका की, पुढे काहीच केले नाही तर काही आठवड्यांत तो माणूस दगावावा. तरीदेखील रक्ताच्या कर्करोगाने घेरलेल्या कित्येकांना याच वाटेने परत आणता आले आहे. हे कसे, ते समजण्यासाठी आधी आपल्या हाडांच्या आत डोकावले पाहिजे.

हाडांच्या पोकळीत एक मऊ, स्पंजासारखा भाग असतो. त्याला अस्थिमज्जा म्हणतात. हा आपल्या रक्ताचा कारखाना. तांबड्या पेशी, रोगाशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठविणाऱ्या बिंबिका इथेच तयार होतात. एकट्या तांबड्या पेशीच दर सेकंदाला सुमारे वीस लाख निपजतात! रक्ताच्या कर्करोगात या कारखान्यात निकामी पेशींचे बंड माजते. औषधांनी बहुतेक बंडखोर मरतात. पण कधी कधी थोडे कुठेतरी दडून राहतात आणि रोग पुन्हा उलटतो.

कोकणात आणि मावळात भाताचा राब कसा भाजतात, ते तुम्हांला ठाऊकच आहे. पावसाच्या आधी त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, कवळे पसरून आग देतात. जमिनीत लपलेले तणाचे बी जळून जाते आणि मग तिथे भाताचे बी पेरतात. किरणांचे काम असेच आहे. औषधे जिथे नीट पोहोचत नाहीत अशा, मेंदूभोवतालच्या जागांसारख्या आडोशालाही किरण पोहोचतात आणि उरलेसुरले तण जाळतात. त्यांचे दुसरे काम याहून नाजूक. आपल्या शरीराला परके काही खपत नाही; दुसऱ्याची मज्जा आली की आपल्या पांढऱ्या पेशी तिच्यावर तुटून पडतात. किरण या पहारेकऱ्यांनाही निजवितात आणि नव्या मज्जेला जागा मोकळी करून देतात.

पण बघा, राब भाजला आणि बी पेरलेच नाही, तर काय होईल? १९४५ सालच्या ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकी येथे हे जगाने पाहिले. स्फोटातून व आगीतून वाचलेली अनेक माणसे काही आठवड्यांनी रक्तस्रावाने आणि जंतुसंसर्गाने गेली. त्यांच्या हाडांतला कारखानाच किरणांनी बंद पाडला होता. पुढे शास्त्रज्ञांना दिसून आले की, असे किरण दिलेल्या उंदरांना निरोगी उंदराची मज्जा टोचली, तर ते जगतात. १९५८ साली युगोस्लाव्हियातील विंचा येथे अणुभट्टीत अपघात झाला. किरणांनी भाजलेल्या सहा जणांना पॅरिसला नेण्यात आले. डॉ. जॉर्ज माते यांनी त्यांपैकी पाच जणांना फ्रेंच दात्यांची मज्जा दिली. त्या पाचांपैकी चार जण वाचले.

अमेरिकेत डॉ. डॉनल थॉमस याच वाटेने चालले होते. १९५९ साली त्यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या दोन रोग्यांना मारक मात्रेइतके किरण देऊन त्यांच्या जुळ्या भावंडांची मज्जा दिली. मज्जा रुजली, नवे रक्त आले. परंतु काही महिन्यांत रोग परतला. दुसरा एखादा निराश होऊन थांबला असता. थॉमस थांबले नाहीत. ऊतींचा जुळा कसा पाहावा हे कळत गेले, तसे यश येऊ लागले. १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी हे रोपण यशस्वी करून दाखविले.

आता प्रत्यक्षात काय होते? पूर्ण मात्रा पुष्कळदा १२ ग्रे असते. ग्रे हे किरणांचे माप. छातीचा एक फोटो काढताना जेवढे किरण लागतात, त्यांच्या ही लाखपटीहूनही अधिक. म्हणून ती एकदम देत नाहीत. दिवसातून दोनदा अशी तीन दिवसांत विभागून देतात. रोगी यंत्रापासून काही मीटर दूर असतो, म्हणजे झोत पसरून सर्वांगावर पडतो. फुप्फुसे नाजूक, म्हणून त्यांच्या आड शिशाचे ठोकळे धरतात. किरण घेताना दुखत नाही. मग दात्याची मज्जा रक्ताच्या बाटलीसारखीच शिरेतून चढवितात. गंमत अशी की, त्या पेशी हाडांची वाट आपणच शोधून काढतात! दोन ते चार आठवड्यांत नवे रक्त दिसू लागते. तोवर रोग्याला जंतूंपासून जिवापाड जपावे लागते.

याची किंमतही सांगितली पाहिजे. उलट्या होतात, तोंड येते, केस गळतात. पुढे मोतीबिंदू, वंध्यत्व, मुलांची वाढ खुंटणे, क्वचित दुसरा कर्करोग, हेही संभवते. म्हणून अगदी लहान मुलांना हे किरण शक्यतो टाळतात. मग औषधांवरच का भागवू नये? २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत चार वर्षांवरील मुलांच्या एका प्रकारच्या रक्तकर्करोगात ही तुलना झाली. दोन वर्षांनंतर किरण घेतलेल्यांपैकी शेकडा ९१ मुले हयात होती, नुसती औषधे घेतलेल्यांपैकी शेकडा ७५.

अशा घराला दोन गैरसमज फार छळतात. पहिला असा की, किरण घेतलेल्या माणसाजवळ जाऊ नये, त्याच्या अंगातून किरण बाहेर पडतात. छे! दिवा विझविला की खोलीत उजेड उरत नाही, तसेच हे. जपावयाचे ते आपल्याला त्याच्यापासून नव्हे, त्याला आपल्या खोकल्या-पडशापासून.

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. भावाची मज्जा जुळली, असे डॉक्टर सांगतात आणि घरातले वडीलधारे म्हणतात, "एक लेकरू आजारी आहेच; दुसऱ्यालाही कशाला लुळे करून ठेवता?" ही भीती येते एका शब्दातून. पाठीच्या कण्यातून जाते ती मज्जारज्जू. तिला इजा झाली तर माणूस लुळा होतो, हे खरे. पण अस्थिमज्जा निराळी. ती कमरेच्या हाडातून भूल देऊन सुईने काढतात आणि काही आठवड्यांत ती पुन्हा भरून येते. चार-आठ दिवस कंबर दुखते, इतकेच. हल्ली तर पुष्कळदा काही दिवस इंजेक्शने देऊन दात्याच्या रक्तातूनच या पेशी वेगळ्या करतात.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हे दोन शब्द एकदा फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि त्यांतला फरक मुलांना समजावून द्या. सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक असतो. न जुळल्यास आई, बाप, परका नोंदणीकृत दाता, असे मार्ग आता आहेत. पण कोणीतरी हात पुढे केलाच पाहिजे. डॉक्टर किरणांचे बटण दाबू शकतात, ते दात्याने होकार दिला असेल तरच. राब भाजावयाचा, तो बियाणे हाती आल्यावरच.