अल्पखर्ची चित्रपट आणि त्याचे अंदाजपत्रक
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



मंडळातील तरुणांनी एक छोटा चित्रपट काढण्याचे मनावर घेतले आहे आणि आपल्यापैकी अनेक कुटुंबे त्यासाठी थोडाथोडा पैसा घालणार आहेत, ही आनंदाची वार्ता आहे. कथा कोणती घ्यावी, भूमिका कोणास द्याव्यात, ह्यांविषयी बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही. आमची हयात सरकारी कचेरीत अंदाजपत्रके करण्यात व तपासण्यात गेली. तेव्हा खर्चाचा अंदाज बांधण्यासाठी कोणते साधन निवडावे, एवढेच आम्ही सांगणार आहोत.

प्रारंभी दादासाहेब फाळके ह्यांचे स्मरण करू. तेही काही काळ पुरातत्त्व खात्यात नोकरीस होते, हे आम्हां सरकारी नोकरांना सुखावणारे आहे. त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, 1912 साली लंडनहून कॅमेरा आणला, आणि भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून वाटाण्याचे रोप कसे वाढते ह्याचे छोटे चित्रण करून दाखविले. सरस्वतीबाईंचे दागिनेही ह्या कामी गहाण पडले. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. सरस्वतीबाईंनी सगळ्या चमूचा स्वयंपाक तर केलाच, शिवाय फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे ही कामेही केली. ह्या श्रमांचे मोल कोणत्या रकान्यात मांडावयाचे? आमचा पहिला आग्रह हा, की घरचे जेवण, मित्राची मोटार, फुकट मिळालेली खोली ह्या सर्वांची बाजारभावाने नोंद करावी आणि समोर ‘देणगीरूपाने’ असे लिहावे. उद्या ती मोटार मिळाली नाही, तर किती पैसे उभे करावे लागतील हे त्यावरून तत्काळ कळते.

दुसरे उदाहरण 1976 च्या ‘मंथन’चे. श्याम बेनेगल ह्यांच्या ह्या चित्रपटाची पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. गुजरातमधील पाच लाख दूध-उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि दहा लाख रुपये उभे राहिले. दोन रुपये देणारा तो शेतकरीही निर्माताच होता. आपल्या चित्रपटातही पैसा असाच अनेकांचा असणार. म्हणून साधनाची आमची कसोटी एकच आहे: ज्याचा पैसा, त्याला हिशेब वाचता आला पाहिजे.

आता साधनांकडे वळू. पहिले म्हणजे आपली कीर्द-खतावणी. ती विश्वासाची खरी. परंतु चित्रीकरणाचा एक दिवस वाढला, की सारी बेरीज नव्याने करावी लागते. दुसरे, ‘मूव्ही मॅजिक बजेटिंग’सारखी खास चित्रपटांसाठी केलेली प्रणाली. मोठ्या निर्मितिसंस्थांना ती उपयोगी पडते, परदेशी भागीदार असला तर तो तिचीच अपेक्षा करू शकतो. तथापि तिची रचना अमेरिकेतील चित्रपटव्यवसायाच्या पद्धतींवर बेतलेली आहे. तिला पैसे पडतात, आणि आपल्या सभासदांपैकी बहुतेकांना ती उघडताही येणार नाही. तिसरे साधन म्हणजे संगणकावरील रकान्यांचा तक्ता, ज्यास स्प्रेडशीट म्हणतात. एक्सेल बहुतेक कचेऱ्यांत आहे. लिब्रेऑफिस कॅल्क विनामूल्य मिळते. गूगल शीट्समध्ये एकच तक्ता दिल्ली, नोएडा, गुरुग्राम अशा तिन्ही ठिकाणी बसून पाहता येतो. आमचे मत ह्या तिसऱ्या साधनास आहे.

मात्र तक्ता कसा मांडावा ह्याला महत्त्व आहे. चित्रीकरणाचे दिवस आणि माणसांची संख्या हे आकडे एकाच जागी लिहावेत आणि बाकीची गणिते त्यांवरून व्हावीत. समजा, 25 माणसे, 12 दिवस आणि माणशी रोज 300 रुपये जेवण-चहा. खर्च 90,000 रुपये. दिल्लीतील जानेवारीच्या धुक्याने दोन दिवस वाया गेले, तर 12 च्या जागी 14 लिहिताच तो 1,05,000 होतो, आणि प्रकाशसामग्रीचे भाडे, गाडीभाडे हेही आपोआप वाढून समोर येते. पटकथेचे दृश्यवार टिपण केल्यावाचून हे दिवस ठरत नाहीत. म्हणून तक्त्याच्या आधी ते टिपण.

केंद्रीय अंदाजपत्रकात मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे निरनिराळे आकडे असतात. छोट्या चित्रपटातही हे तीन रकाने ठेवावेत व चौथा जोडावा: ‘कबूल केलेले पण अद्याप न दिलेले’. हातातील रोकड पाहून निर्धास्त राहणाऱ्यांना हाच रकाना जागे करतो. आकस्मिक खर्चासाठी दहा टक्के वेगळे ठेवण्याचा प्रघात आहे; तो मोडू नये. संस्थेची वस्तू व सेवा करासाठी नोंदणी नसेल, तर भाड्यावर भरलेला कर वळता करून मिळत नाही. तोही खर्चातच धरावा. पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीतील वास्तूत चित्रीकरण करावयाचे, तर परवानगी आणि शुल्क आलेच.

चित्रपट पुरा झाला म्हणजे खर्च संपला, असेही नाही. 2004 साली ‘श्वास’ ऑस्करसाठी भारतातर्फे गेला, तेव्हा तिकडील प्रचारासाठी लोकांनी वर्गणी जमविली. आपली झेप लहान असेल. तरी सेन्सॉरचे प्रमाणपत्र, उपशीर्षके, महोत्सवांची प्रवेशशुल्के आणि जाहिरात ह्यांची तरतूद आरंभीच हवी.

शेवटी एक विनंती. तक्त्यात बदल करण्याचा अधिकार एकाकडे असावा, पाहण्याचा मात्र पैसा देणाऱ्या प्रत्येकाला. दर शनिवारी त्याची एक प्रत कागदावर काढून पावत्यांसह नस्तीत लावावी. महाराष्ट्रापासून इतक्या दूर आपण सणावाराला, अडीअडचणीला एकमेकांच्याच घरी जातो. चित्रपट चालेल किंवा न चालेल. पण हिशेबाच्या संशयापायी ह्या घरांची दारे एकमेकांना बंद होता कामा नयेत. ती उघडी ठेवण्याच्या कामी हा साधा तक्ता उपयोगी पडो, अशी सदिच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.