ताबा सुटला



मराठी वर्तमानपत्रातलं एक वाक्य तुम्हा-आम्हाला तोंडपाठ झालं आहे. ‘चालकाचे वाहनावरील नियंत्रण सुटल्याने भीषण अपघात झाला.’ गावाचं नाव बदलतं, मृतांचा आकडा बदलतो, वाक्य तेच. लग्नपत्रिकेच्या मजकुरासारखं ते छापखान्यात जुळवून ठेवलेलं असावं, असं कधी कधी वाटतं. मला आज या वाक्याशीच थोडं भांडायचं आहे. ताबा सुटला, कबूल. पण तो पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी का सुटतो?

पुण्यातला नवले पूल घ्या. साताऱ्याकडून येताना नवीन कात्रज बोगदा संपला की रस्ता उतरायला लागतो आणि थेट नवले पुलापर्यंत उतरतच राहतो. पाठीवर पंचवीस-तीस टन माल असलेल्या ट्रकचालकाला हा उतार म्हणजे फुकटात मिळालेला पल्ला. गाडी न्यूट्रलला टाकायची आणि घरंगळत यायचं. काही जण तर इंजिनच बंद करतात. तेवढंच डिझेल वाचतं, आणि फेरीचं डिझेल ठरवून दिलेलं असेल तर वाचलेले पैसे त्याच्या खिशात. यात मस्ती कमी आणि घरखर्चाचा हिशेब जास्त असतो.

आता गंमत अशी, की गाडी गिअरमध्ये असते तेव्हा इंजिन तिला मागून ओढून धरतं. न्यूट्रलला टाकली की सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. दाबून दाबून ड्रम तापतात, लायनरची पकड जाते. इंजिन बंद असेल तर ब्रेकला लागणारी हवा पुन्हा भरली जात नाही, वर स्टिअरिंग जड होतं. पाय पूर्ण दाबलाय आणि गाडी थांबत नाही, हे त्या माणसाला कळतं ते खाली आल्यावर, समोर मोटारींच्या रांगा दिसू लागल्यावर. मग आपण म्हणतो, ताबा सुटला. तो तर चार किलोमीटर मागे, डिझेलच्या हिशेबातच सुटलेला असतो.

13 नोव्हेंबर 2025 ला याच भागात एक कंटेनर पुढच्या वाहनांवर आदळत गेला. दोन अवजड गाड्यांच्या मध्ये एक मोटार चेपली गेली, आग लागली, 8 माणसं गेली. नंतर तिथली वेगमर्यादा ताशी 30 किलोमीटरवर आणली गेली. उतार अर्थात तोच आहे.

आणि रस्ताही तोच आहे. हा रस्ता आखला तेव्हा तो शहराला वळसा घालून जाणार होता. त्याचं नावच बाह्यवळण. मग शहर त्याच्या पलीकडे गेलं. धायरी, आंबेगाव 2017 मध्ये महापालिकेत आली, नऱ्हे 2021 मध्ये. सोसायट्या आणि कॉलेजं त्याच्या आधीच येऊन बसली होती. आता बंगळूरहून मुंबईला निघालेला ट्रक आणि कोथिंबीर आणायला निघालेली स्कूटी एकाच डांबरावर धावतात. सर्व्हिस रोड मध्येच संपला की स्कूटीवाला एक तर महामार्गावर चढतो, नाहीतर राँग साइडने येतो. त्याला शिस्त नाही म्हणायला आपण मोकळे. पण सरळ वाटेने जायला त्याला दोन किलोमीटरचा फेरा पडतो, हे आपण विचारात घेत नाही.

सरकारी अहवालाप्रमाणे 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली आणि त्यातली 71 टक्के अतिवेगामुळे. हा दुसरा आकडा मी थोडा जपूनच वाचतो. पंचनाम्याला आलेला हवालदार काही वेग मोजत नाही, तो गाडीचा चेंदामेंदा पाहून रकाना भरतो. ‘अतिवेग’ लिहिलं की दोष चालकाचा, कागद पूर्ण. ‘रस्त्याची रचना सदोष’ असं लिहिलं तर उत्तरं कोण देत बसणार?

वेग मारत नाही असं मात्र मी म्हणत नाही. तो मारतोच, आणि आपल्याला वाटतं त्याहून फार जास्त. समजा, तुमच्या गाडीसमोर पंधरा मीटरवर एक पोरगं चेंडूमागे धावत आलं. ताशी 30 ने जात असाल तर मेंदूतून पायापर्यंत निरोप जाईतो गाडी आठेक मीटर जाते, ब्रेक लागल्यावर आणखी पाच; पोरगं वाचतं. ताशी 60 ने जात असाल तर पाय ब्रेकवर जाण्याआधीच गाडी सतरा मीटर गेलेली असते. म्हणजे ब्रेक लागतच नाही, धडक अख्ख्या 60 ची बसते. ताशी 30 ची धडक म्हणजे पहिल्या मजल्यावरून पडणं, 60 ची म्हणजे चौथ्या-पाचव्या मजल्यावरून. वेग दुप्पट, मार चौपट. शाळेत हे गणित आपण पाठ केलं आणि परीक्षेनंतर सोडून दिलं.

म्हणूनच गर्दी, जिला आपण रोज शिव्या देतो, ती एका अर्थी आपल्याला जपत असते. 2020 आठवा. टाळेबंदीने रस्ते ओस पडले. त्या वर्षी देशातले अपघात आदल्या वर्षीपेक्षा साधारण 18 टक्क्यांनी घटले, मृत्यू मात्र जेमतेम 13 टक्क्यांनी. मोकळ्या रस्त्यावर जे थोडे अपघात झाले, ते जास्त जीवघेणे ठरले. शहरा-शहरांतही हेच दिसतं. 2022 मध्ये रुंद, लांबच लांब रस्त्यांच्या दिल्लीत 1,461 माणसं गेली, तुंबलेल्या बंगळूरमध्ये 772. मुंबईचा आकडा त्याहूनही बराच खाली आहे. मुंबईकर काही फार शिस्तीचा म्हणून नव्हे. तो दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अडकलेला असतो, आणि बाकीचे लोकलला लटकलेले असतात. त्या लोकलखाली आणि लोकलमधून पडून दरवर्षी दोन हजारांवर माणसं मरतात, ती या हिशेबात धरलेली नाहीत.

वेगाच्या जोडीला उघडं डोकंही आहेच, पण हेल्मेटबद्दल पुण्यात बोलायचं म्हणजे विंचवाच्या बिळात बोट घालणं. 2019 च्या जानेवारीत सक्ती झाली तेव्हा इथे आंदोलनं झाली, केस गळतात इथपासून मान दुखते इथपर्यंत सगळी कारणं ऐकायला मिळाली. माझ्या माहितीतल्या एका गृहस्थांचं हेल्मेट कोपराला अडकवलेलं असे, चौकात पोलीस दिसला की डोक्यावर. 2022 मध्ये हेल्मेट नसलेले 50,029 जण देशात मेले. त्यातल्या किती जणांचं हेल्मेट कोपराला होतं, ते अहवालात नाही.

पण दुचाकीवाल्याची निदान बाजू मांडायला कोणी तरी असतं. पायी चालणाऱ्याचं काय? त्याच्या बातमीचं वाक्य वेगळं असतं: ‘रस्ता ओलांडत असताना.’ जणू ओलांडणं हीच त्याची चूक.

आमच्या घराजवळच्या चौकात मी मुद्दाम घड्याळ घेऊन उभा राहिलो. सोबत शेजारच्या काकू होत्या, वय अठ्ठ्याहत्तर, हातात काठी, पिशवीत देवळातला नारळ. रस्त्याची रुंदी पावलांनी मोजली, साधारण 22 मीटर. पादचाऱ्यांसाठी हिरवा दिवा 15 सेकंद. त्यातले पहिले तीन-चार सेकंद लाल दिवा तोडून येणाऱ्या शेवटच्या गाड्यांना द्यावे लागतात, हा अलिखित करार. माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं अभियंते धरतात. म्हणजे त्यांच्या पुस्तकातल्या माणसालाही इथे 18 सेकंद लागतील. पंधराव्या सेकंदाला काकू दुभाजकापाशीच होत्या. दोन्हीकडून गाड्या सुटल्या. काकूंनी काठी छातीशी धरली, नारळाची पिशवी अंगाशी घेतली आणि अंग चोरून दीड फूट रुंद दुभाजकावर उभ्या राहिल्या. मी घाबरलो होतो, त्या नव्हत्या. मला म्हणाल्या, ‘‘बस येऊ दे. बस वळायला हळू होते, तिच्या आडोशाने जाते मी रोज.’’

संबंधित कार्यालयात मी अर्ज दिला. वेळ वाढवली तर वाहतुकीला अडथळा होईल, असं तोंडी उत्तर मिळालं. काकू वाहतुकीत मोडत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. दुसरा अर्ज दिला, तिसरा दिला. परवा पुन्हा घड्याळ घेऊन गेलो, तर दिवा 19 सेकंदांचा झाला होता. म्हणजे पुस्तकातला माणूस आता पलीकडे पोचतो.

काकूंना 26 लागतात.