डॉक्टरचे सोबती



आमच्या रेवदंड्यास अफानासी निकीतिन नांवाच्या एका रशियन व्यापाऱ्याचें स्मारक आहे. पंधराव्या शतकांत हा गृहस्थ एक घोडा घेऊन शेजारच्या चौल बंदरीं उतरला. जेथें जावें तेथें गोऱ्या माणसाला पाहण्यास लोक मागें लागतात, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. त्याच्या वृत्तांतांत सोबती म्हणून ध्यानांत राहतो तो मात्र त्याचा घोडाच! हें प्रथम वाचलें तेव्हांपासून परमुलखांत एकट्यानें हिंडणाऱ्या माणसाविषयीं मला कणव वाटत आली आहे. म्हणूनच कीं काय, 'डॉक्टर हू' या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेंत मला नायकापेक्षां त्याचे सोबती अधिक प्रिय आहेत.

ही मालिका 23 नोव्हेंबर 1963 रोजीं बी. बी. सी. वर सुरू झाली, 1989 सालीं खंडित झाली आणि 2005 सालीं पुन्हां उभी राहिली. नायक परग्रहावरचा, त्याला नुसतें 'डॉक्टर' म्हणावयाचें. पोलिसांच्या निळ्या चौकीसारखें त्याचें यान बाहेरून कपाटाएवढें, आंतून वाड्याएवढें. काळाच्या कोणत्याही बंदरास तें लागतें. नट बदलला कीं डॉक्टरचें रूपच पालटतें, ही युक्ति 1966 सालीं निघाली. युक्ति मोठी खरी. पण पाहणाऱ्याचा जीव गुंततो तो त्याच्या बरोबरच्या साध्या माणसांत.

पहिल्या कथेंतले सोबती म्हणजे डॉक्टरची नात सुझन आणि तिचे दोन शिक्षक, बार्बरा आणि इयन. अश्मयुगांत हीं मंडळी पळत असतां एक जखमी रानटी मनुष्य वाटेंत पडतो. त्याच्यापायीं खोळंबा होतो, म्हणून डॉक्टर दगड उचलतो आणि इयन त्याचा हात धरतो. पुढें जगाचा कैवारी म्हणून मिरविणारा हा पुरुष त्या दिवशीं एका शाळामास्तरामुळें खुनापासून वांचला, हें मी कधीं विसरत नाहीं.

या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे जन्मानें लखनौचे. त्यांच्या मातोश्री, लेखिका आतिया हुसेन, यांचा आवाज बी. बी. सी. च्या नभोवाणीवरून आपल्याकडे ऐकूं येत असे. 1964 सालीं आलेल्या सात भागांच्या 'मार्को पोलो' या कथेचे बहुतेक भागही वारिस हुसेन यांचेच. पुढें तिच्या फिती पुसल्या गेल्या. आज तिचें एकही हलतें चित्र उपलब्ध नाहीं. कांहीं छायाचित्रें आहेत, आणि आवाज आहे. तोही राहिला तो प्रेक्षकांनीं घरच्या घरीं ध्वनिमुद्रण करून ठेविलें म्हणून! मार्को पोलो मधून मधून रोजनिशी वाचतो. वृद्ध वराकडे लग्नासाठीं नेली जाणारी पिंग-चो आणि सुझन या दोघी मैत्रिणी रात्रीं वाळवंटांत वादळांत सांपडतात. हें मीं डोळे मिटून ऐकलें, तेव्हां मला आमच्या सुरूच्या बनांतला आषाढांतला वारा ऐकूं आला. चित्र असतें तर तो ऐकूं आला असता, असें मला वाटत नाहीं.

दुसरी आवडती कथा 11 नोव्हेंबर 2018 रोजीं दाखविली गेलेली, पंजाबची. आतां डॉक्टर स्त्रीरूपांत आहे. सोबतीण यास्मिन खान, शेफील्डची पोलीस शिपाई. आजीनें दिलेल्या फुटक्या घड्याळाचें रहस्य जाणावें म्हणून ती 1947 च्या ऑगस्टांत जाते, आणि पाहते तों आजी उंब्रीन एका हिंदु तरुणाशीं, प्रेमशीं, विवाह करीत आहे. नव्या सरहद्दीवर हें लग्न डॉक्टरच लाविते. थोड्याच वेळांत प्रेमच्या सख्ख्या भावानें आणलेले सशस्त्र लोक त्याला ठार मारतात. यास्मिनला तो वांचवितां येत नाहीं. कारण तो वांचला तर तिची आई जन्मणार नाहीं, मग ती स्वतः कोठून येणार? येथें राक्षसांचीं सोंगें आहेत खरीं, पण तीं मरणाऱ्यांपाशीं नुसतीं साक्षीला उभीं राहतात. मारणारे शेजारचे आणि घरचे आहेत. फाळणीच्या कथा आपण पुष्कळ ऐकल्या. नातीनें आजीच्या तारुण्यांत उभें राहून मुकाट्यानें परत फिरावें, ही मला नवीन होती.

यास्मिन घरीं येते. आजी त्या घड्याळाची हकीकत सांगावयास तयार होते. नात म्हणते, राहूं दे, पुन्हां केव्हां तरी सांग.