एका इलेक्ट्रॉनची गिरकी

गोंदियाच्या तांदूळगिरणींत धानाचें पोतें कांट्यावर चढविलें कीं त्याचें वजन कोणासहि कळतें. पण त्यांतील एकच दाणा त्या कांट्यावर ठेवला, तर कांटा जागचा हलत नाहीं. म्हणून दाण्याला वजनच नाहीं, असें कसें म्हणावें? इलेक्ट्रॉनच्या गिरकीविषयीं शास्त्रज्ञांपुढें अशीच अडचण उभी राहिली.

गिरकी हा शब्द केवळ सोयीचा. इलेक्ट्रॉन भोंवऱ्यासारखा फिरतो असें नव्हे. तो चिमुकल्या चुंबकासारखा वागतो, आणि कोणत्याहि दिशेनें मोजमाप केलें तरी ‘वर’ किंवा ‘खालीं’ अशीं दोनच उत्तरें देतो. १९२२ सालीं फ्रांकफुर्ट येथें स्टर्न व गेर्लाख यांनीं चांदीच्या अणूंचा झोत विषम चुंबकीय क्षेत्रांतून सोडला, तेव्हां त्याच्या दोन शाखा झाल्या. परंतु तें पोतें होतें, दाणा नव्हे. शिवाय सुटा इलेक्ट्रॉन विद्युद्भारित असतो. चुंबक त्याला त्या भारामुळेंच इतका वळवितो कीं गिरकीचा सूक्ष्म परिणाम त्यांत बुडून जातो. या मार्गानें ती मोजतां येणार नाहीं, असा नील्स बोर यांचा युक्तिवाद होता.

तेव्हां मार्गच बदलण्यांत आला. गिरकी दिसत नसेल, तर जें दिसतें त्यावर तिची खूण उमटवावी. १९७३ सालीं सिअ‍ॅटल येथें हान्स डेमेल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एकच इलेक्ट्रॉन सापळ्यांत कोंडला. तेथें तो सेकंदास सुमारें ६ कोटि हेलकावे घेई. गिरकी उलटली कीं त्यांत एखाद्याच हेलकाव्याचा फरक पडे. त्या फरकावरून गिरकी ओळखतां आली. २००४ सालीं हॉलंडांतील डेल्फ्ट येथें इलेक्ट्रॉन अर्धवाहकाच्या सूक्ष्म कप्प्यांत ठेवला गेला. एका गिरकीचा इलेक्ट्रॉन कप्प्यांतच राही, दुसरीचा निसटे. आणि शेजारच्या विद्युत्प्रवाहांतील बदलानें तें कळे.

हिऱ्याची साक्ष तर याहून मनोहर आहे. कार्बनच्या जागीं नायट्रोजनचा अणु आणि त्याला लागून एक रिकामी जागा, असा दोष हिऱ्यांत असतो. त्यावर हिरवा प्रकाश टाकला असतां तो तांबडा उजळतो, व तेथील इलेक्ट्रॉनांच्या एकत्रित गिरकीप्रमाणें ती उजळण कमीअधिक होते. १९९७ सालीं जर्मनींत केमनिट्स येथें अशा एकाच दोषाची गिरकी प्रकाशानें वाचण्यांत आली. मुंबईच्या आय. आय. टी.मध्यें प्रा. कस्तुरी साहा यांच्या गटानें हिऱ्यांतील अशाच अनेक दोषांच्या साह्यानें चुंबकीय क्षेत्रें टिपणारा सूक्ष्मदर्शक घडविला आहे.

जवाहीर ज्या दोषासाठीं हिऱ्याची किंमत उतरवील, तोच येथें मापनाचें साधन झाला. पोत्याच्या कांट्यावर दाणा तोलला जात नाहीं, हा दाण्याचा अपराध नव्हे. त्याच्यासाठीं कांटाच निराळा घडवावा लागतो.