भिंतीवरचे गाणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणावरून)



रोजच्या जगण्यातले संगीत चित्रात कसे उतरते, यावर मी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारिणीची इच्छा आहे. संगीताचे चित्र म्हटले की वीणाधारी सरस्वती किंवा राजदरबारांतल्या रागमाला आपल्याला आठवतात. त्या सुंदरच आहेत. परंतु चूल, शेत आणि अंगण यांच्यात राहणारे संगीत पाहायचे असेल, तर मी आपल्याला पालघर जिल्ह्यातल्या वारली पाड्यांवर नेईन.

वारली चित्र आता आपल्या घरोघरी आले आहे. पडद्यावर, कपावर, साडीच्या पदरावर. त्यात एक आकृती हटकून असते. मध्ये लांबोडके वाद्य फुंकणारा पुरुष आणि त्याच्याभोवती शंखाच्या वेटोळ्यासारखी माणसांची रांग. ते वाद्य म्हणजे तारपा. वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाची पाने एवढ्यावर तो तयार होतो. भाताचे पीक हाती येऊ लागले की तो वाजतो. एकमेकांच्या कमरेला हात घालून बायापुरुष तारपकऱ्यामागून फिरतात. तारप्याकडे पाठ करायची नाही, असा संकेत आहे.

आता पाहा, आवाज काही काढता येत नाही. मग वारली चित्रकार काय करतो? आवाजाने माणसांचे जे होते, ते तो काढतो. दोन त्रिकोणांचे अंग आणि काड्यांचे हातपाय; तरी सगळ्यांची पावले एका ठेक्यात पडलेली दिसतात. त्याच चित्रात कोणी भात लावते आहे, कोणी पाणी आणते आहे, कोणाची कोंबडी पिलांना घेऊन चालली आहे. श्रोते म्हणून बसलेले मात्र कोणी नाही! गाणे हा त्यांच्या कामाचा आणि आनंदाचा भाग आहे, हे याहून सोप्या रीतीने कसे सांगावे?

पण याहून महत्त्वाची गोष्ट लग्नघरातली आहे. घरात लग्न निघाले की गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक काढतात. चौक 'लिहितात' असेच त्या म्हणतात. हाती बांबूची काडी, चौकटीच्या मध्यभागी पालघाट देवी. या चौकाशिवाय लग्न लागत नाही. आणि तेथे असते धवलेरी, म्हणजे लग्नाची गाणी गाणारी स्त्री. डहाणूकडच्या एका पाड्यावर हे पाहण्याचा योग मला आला. धवलेरी गात होती तोवर काड्या भराभर चालत होत्या. ती चहासाठी थांबली, तेव्हा हातही रेंगाळले. चित्राची सोबत म्हणून ते गाणे नव्हते, हे मला तेव्हा उमगले. एकच काम गळा आणि हात मिळून करीत होते.

१९७०च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांनी या भागात कागद आणि रंग पोहोचवले. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी त्या कागदावर अद्भुत सृष्टी उभी केली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु भिंतीवरचे चित्र कागदावर आले, तेव्हा ते बहुतांशी पुरुषांच्या हाती गेले, आणि धवलेरीचे गाणे मागे राहिले. तिचा आवाज कागदावर कसा येणार? चित्राला गिऱ्हाईक मिळाले, पण गाणे ऐकायला पाड्यापर्यंत कितीजणी गेलो?

आपल्या घरातही दुसरे काय झाले? जात्याबरोबर ओवी गेली. पाळण्याची गाणी, भोंडल्याची गाणी आज कोणा एखाद्या वयस्क बाईच्या ओठांवर आहेत. ती बाई गेली की तेही संपले.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या चित्रकला वर्गात तारप्याचे वेटोळे गिरवण्यावर थांबू नये. प्रत्येकीने आपल्या घरात कोणते काम कोणत्या गाण्यावर होत असे, ते आई-आजी-सासूबाईंना विचारावे आणि त्या कामाचे चित्र काढावे. रेघ वाकडी आली तरी चालेल. पाठीमागे ते गाणे लिहावे, गाणारीचे नाव आणि गाव लिहावे. त्यासाठी मी एक कोरी वही आज चिटणीसबाईंच्या टेबलावर ठेवली आहे. पहिल्या पानावर माझ्या आजीचे दळण आहे. दुसरे पान कोण घेते, ते चहाच्या वेळी सांगा.