रेडिएटरच्या रबरी नळ्या

वैशाखातल्या ऐन दुपारी बोरघाट चढताना रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून वाफा सोडीत उभी असलेली मोटार दिसली, म्हणजे आपण तिच्या इंजिनाच्या नावाने बोटे मोडतो; परंतु पुष्कळदा खरी अपराधी असते ती इंजिन व रेडिएटर यांना जोडणारी, सर्वांच्या हयगयीस पात्र झालेली एक रबरी नळी.

इंधनाच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा सुमारे एकतृतीयांश भाग पाण्यानेच वाहून न्यावयाचा असतो. वरची नळी तप्त जल रेडिएटरकडे नेते, तर खालची निवालेले पाणी पंपाकडे परत आणते. आणि पंपाच्या ओढीने ती आत चिमटू नये म्हणून काही गाड्यांत तिच्या पोटात तारेचे वेटोळे घातलेले असते. उष्णता आणि तेल हे रबराचे दोन हाडवैरी. म्हणून इंजिन थंड असताना नळी दाबून पाहावी: ती कडक होऊन करकरत असेल, फुगून भिजल्या कणकेसारखी लिबलिबीत लागत असेल, किंवा क्लिपेजवळ भेगाळली असेल, तर तिची मुदत संपली असे खुशाल समजावे.

नळी बदलण्यापूर्वी इंजिन पूर्ण निवू द्यावे. कारण झाकणाखाली दाबाने कोंडलेले पाणी शंभर अंशांवर तापूनही उकळत नाही, आणि झाकण फिरवताच उसळून तोंड भाजते. तळाची तोटी उघडून पाणी काढावे, क्लिपा सैल कराव्यात, आणि चिकटून बसलेली नळी पेचकसाने उचकटण्याऐवजी सुरीने उभी चिरून सोलून काढावी. अन्यथा रेडिएटरचे नाजूक तोंड दुखावते; जुन्या पितळी रेडिएटरात तर ते वाकते व झाळ सुटते. त्या तोंडावरचे क्षाराचे खवले पॉलिशपेपरने घासून टाकल्यावाचून नवी नळी चढवणे म्हणजे गळतीला आमंत्रणच. नळी त्याच व्यासाची व त्याच वळणाची घ्यावी, तिचे टोक तेलाने नव्हे तर पाण्याने ओले करावे, आणि क्लिप तोंडाच्या उंचवट्यामागे बसवून बेताने आवळावी. कारण अतिरेकाने रबर कापले जाते. मग पाणी भरून, झाकण उघडेच ठेवून इंजिन चालवावे, बुडबुडे थांबेपर्यंत पाण्याची भर घालावी, आणि इंजिन एकदा तापून निवल्यावर क्लिपा पुन्हा पाहाव्यात.

घाटात फुटलेल्या नळीपायी इंजिनाचे हेड वाकले, तर होणारा खर्च नळीच्या किमतीच्या कितीतरी पट असतो. तेव्हा प्रवासास निघण्यापूर्वी टायरांतील हवा पाहणाऱ्या प्रत्येकाने या दोन नळ्याही दाबून पाहाव्यात, आणि एकीविषयी शंका येताच दोन्ही बदलून घ्याव्यात.